ही ओळ इथे का आहे?



सरांच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत आजवर इतिहास, पाणी, शेती, संगीत असे विषय झाले. यंदा संयोजकांनी माझ्यासारख्या नेटवर्कवाल्याला बोलावलं आणि वर म्हणाले, "तुमचं रोजचं काम सांगा." माझं रोजचं काम म्हणजे दूरच्या संगणकात कोणी शिरायचं आणि कोणी नाही हे ठरवणाऱ्या सॉफ्टवेअरची देखभाल. त्यात बग निघतात, ते दुरुस्त करायचे. कुणाला नवी सोय हवी असते, ती घालून द्यायची किंवा ती घालण्यात शहाणपण नाही हे त्यांना पटवायचं. दुसरं काम जास्त वेळ खातं.

सर आम्हाला पॉलिटेक्निकला प्रोग्रॅमिंग शिकवत. प्रोग्रॅम चालला म्हणून मार्क देत नसत. मधल्याच एखाद्या ओळीवर बोट ठेवून विचारत, "ही ओळ इथे का आहे?" उत्तर आलं नाही तर चालता प्रोग्रॅमही नापास. आम्हाला तो छळवाद वाटे. आज मी त्याच प्रश्नाच्या आधारानं एका सॉफ्टवेअरची गोष्ट सांगणार आहे. तुमच्यापैकी बहुतेकांनी ते कधी पाहिलेलं नाही. पण तुमची बँक, विद्यापीठाचा निकाल, रेल्वेचं तिकीट यांमागे जे सर्व्हर असतात, त्यांच्यात शिरण्याची तांत्रिक मंडळींची नेहमीची वाट म्हणजे एसएसएच. आणि त्याचा सर्वांत जास्त वापरला जाणारा अवतार म्हणजे ओपनएसएसएच.

१९९५ साली हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी गुपचूप एक प्रोग्रॅम बसवला. तारेवरून जाणारे पासवर्ड तो टिपून घेत होता. तेव्हा दूरच्या संगणकावर लॉगिन करायचं ते टेलनेटनं, आणि टेलनेट पासवर्ड उघडाच पाठवतं. प्रकार लक्षात आला तोवर हजारो नावं आणि पासवर्ड गोळा झाले होते. तिथल्या तातू यूलोनेन या तरुण संशोधकानं काही महिन्यांत एसएसएच लिहिलं आणि त्याच वर्षी जुलैमध्ये लोकांना फुकट देऊन टाकलं. त्यासाठी पोर्ट क्रमांक, म्हणजे यंत्रावरचा त्या सेवेचा ठरलेला दरवाजा, हवा होता. एफटीपीचा २१, टेलनेटचा २३, मधला २२ मोकळा. त्यानं तो ईमेल करून मागितला आणि मिळालाही. हल्ली एवढ्या सहजपणे सोसायटीत पार्किंगसुद्धा मिळत नाही. वर्षअखेरीस ५० देशांत सुमारे २०,००० लोक एसएसएच वापरत होते. पुढे त्याचा परवाना आवळत गेला, तेव्हा ओपनबीएसडी या मुक्त संगणकप्रणालीच्या मंडळींनी मोकळ्या परवान्याची एक जुनी आवृत्ती घेऊन १९९९ मध्ये ओपनएसएसएच सुरू केलं. पुढची सगळी कथा डागडुजीची आहे.

पहिल्या पिढीच्या एसएसएचमध्ये एक कच्चा दुवा होता. पाठवलेला मजकूर वाटेत कुणी बदलला नाही ना, हे तपासायला सीआरसी-३२ नावाची बेरीज वापरलेली होती. तारेतल्या खरखरीनं झालेली चूक ही बेरीज पकडते. मुद्दाम केलेली लबाडी पकडणं तिच्या आवाक्याबाहेरचं. १९९८ मध्ये हे उघड झालं. तोवर एसएसएच जगभर पसरलेलं होतं, त्यामुळे मूळ प्रोटोकॉल एका रात्रीत बदलणं अशक्य होतं. मग तोडगा निघाला: अशा लबाडीची लक्षणं ओळखणारा एक तपासनीस कोडात बसवायचा. तो बसवला आणि सगळे निर्धास्त झाले.

त्या तपासनिसात एका तक्त्याचा आकार साठवणारी एक संख्या होती आणि तिला जागा दिली होती १६ बिटांची. १६ बिटांत मावणारी मोठ्यात मोठी संख्या ६५,५३५. पुरेसं मोठं पॅकेट पाठवलं की आकार ६५,५३६ व्हायचा आणि त्या जागेत उरायचं शून्य. शून्य आकाराच्या तक्त्यात प्रोग्रॅम निवांतपणे लिहीत सुटायचा, म्हणजेच दुसऱ्याच्या स्मृतीत लिहायचा. याचा फायदा घेऊन पासवर्डाशिवाय थेट सर्वाधिकार मिळवता येत होते. मिखाल झालेव्स्की यानं २००१ च्या फेब्रुवारीत हे जाहीर केलं. बाकी काही करायचं नव्हतं, १६ च्या जागी ३२ बिट करायचे होते; दुरुस्ती एका शब्दाची. पण विचित्र भाग पाहा. मूळ दोष असा होता की वाटेत बसून, हिकमत करून, जमलं तर काहीतरी घुसवता यावं. आणि त्यावरच्या औषधानं कुणालाही घरबसल्या थेट आत येता येत होतं. २००३ च्या 'द मॅट्रिक्स रीलोडेड' या चित्रपटात ट्रिनिटी वीजकेंद्राच्या संगणकात शिरते ती ह्याच भोकातून. हॉलिवूडनं संगणकाचं काहीतरी बरोबर दाखवल्याचं हे दुर्मीळ उदाहरण.

आमच्या धंद्यात दुरुस्तीबद्दल एक भाबडा समज आहे, आणि तो फक्त ग्राहकांचा नाही: बग होता, पॅच लावला, प्रकरण मिटलं. प्रवेशाच्या सॉफ्टवेअरमध्ये पॅच म्हणजे नवा कोड, आणि तोही सहसा घाईत, दबावाखाली, अडनिड्या वेळी लिहिलेला. शिवाय ही दुरुस्ती कुणाच्याच नजरेला पडत नाही. बिल चुकीचं छापणारा प्रोग्रॅम दुरुस्त केला की बिल बरोबर येतं, गिऱ्हाईक पाहतं. इथे दुरुस्तीआधीही लॉगिन होत होतं आणि नंतरही होतं.

ओळीचं कारण हरवलं की काय होतं, याची सर्वांत महागडी शिकवणी डेबियनची. डेबियन ही लिनक्सची मोठी, भरवशाची आवृत्ती. २००६ मध्ये ओपनएसएसएच आपल्या किल्ल्या बनवायला जी वापरतं त्या ओपनएसएसएल या लायब्ररीबद्दल तिथल्या देखभालकर्त्याला एक कटकट होती. स्मृतीतल्या चुका शोधणारं व्हॅलग्रिंड नावाचं साधन तिच्यातल्या दोन ओळींवर सारखं ओरडत होतं. दोन वेगवेगळ्या ठिकाणच्या, पण अक्षरशः सारख्या ओळी. एकीच्या शेजारी टीप होती की अशी साधनं हिच्याबद्दल तक्रार करतात. ती काढली असती तर काही बिघडत नव्हतं. दुसरीच्या शेजारी टीप नव्हती. किल्ल्या, म्हणजे पासवर्डाऐवजी ओळख पटवणाऱ्या फाइली, तयार करताना लागणारा बेभरवशीपणा, म्हणजे कुणालाही आधी सांगता येणार नाही अशा आकड्यांचा साठा, ह्याच दुसऱ्या ओळीतून आत येत होता. त्या माणसानं लायब्ररीच्या मंडळींना विचारलंही होतं; कुणी हटकलं नाही. त्यानं दोन्ही ओळी काढल्या. व्हॅलग्रिंड गप्प झालं.

त्यानंतर डेबियनच्या यंत्रांवर तयार होणाऱ्या किल्ल्यांमध्ये बेभरवशाचं म्हणून एकच काही उरलं होतं, प्रोसेसचा क्रमांक. तो फार तर ३२,७६८ पर्यंत. म्हणजे एका जातीच्या, एका लांबीच्या जगातल्या सगळ्या संभाव्य किल्ल्या एका दुपारी बनवून पेनड्राइव्हवर घेता आल्या असत्या. हे २००८ च्या मेमध्ये उघडकीला आलं. ओळ परत घालणं मिनिटाचं काम होतं. पण तोवर त्या पावणेदोन वर्षांत घडलेल्या किल्ल्या जगभर वाटल्या गेल्या होत्या. त्या इतर यंत्रांवर, इतर कंपन्यांत, डेबियन कधीही न वापरलेल्या सर्व्हरवरही पोचल्या होत्या. मग कमकुवत किल्ल्यांच्या याद्या पॅकेज करून वाटाव्या लागल्या, म्हणजे सर्व्हर अशी किल्ली दिसताच नकार देईल. २०१५ मध्ये कुणीतरी गिटहबवरच्या सार्वजनिक किल्ल्या तपासल्या, तेव्हाही त्यांत या सापडल्या. कोड सात वर्षांपूर्वी बरा झाला होता, किल्ल्या नव्हत्या.

त्या देखभालकर्त्याला नावं ठेवणं सोपं आहे. मी ठेवत नाही. इशारा दुर्लक्षून पुढे जाणारे आपल्याकडे ढिगानं आहेत. हा माणूस इशाऱ्याच्या मागे गेला, विचारून गेला. त्याला जे हवं होतं ते त्या ओळीच्या शेजारी एका वाक्यात लिहिलेलं असायला हवं होतं, ते नव्हतं.

आता जरा सविस्तर सांगतो तो २०२४ चा प्रकार, कारण त्याचे पॅच मी हातानं लावलेत.

ओपनएसएसएचच्या सर्व्हरशी तुम्ही जोडले गेलात की लॉगिन पुरं करायला तुम्हाला १२० सेकंद मिळतात. त्या अवधीत केलं नाहीत तर यंत्रात गजर होतो. गजर झाला की प्रोग्रॅम जे काही करत असेल ते तिथल्या तिथे थांबतं आणि गजराचा कोड चालू होतो: 'वेळ संपली' अशी नोंद करायची आणि जोडणी तोडायची. अडचण त्या नोंदीत आहे. नोंद लिहायला स्मृती लागते, आणि थांबवलेलं मूळ काम कदाचित स्मृतीचाच हिशोब लिहीत असतं. दुकानदार खातेवहीत रक्कम लिहितोय, आकडा अर्धा झालाय आणि तेवढ्यात मुलानं तीच वही ओढून स्वतःची नोंद केली, तर पुढची बेरीज कशी येईल ते सांगायला नको. हल्लेखोर असा नेमका क्षण गाठण्यासाठी पुन्हा पुन्हा जोडण्या उघडतो आणि वाट पाहतो.

हा दोष पहिल्यांदा सापडला २००६ मध्ये. लिनक्ससारख्या प्रणालींसाठी तेव्हा बंदोबस्त झाला तो असा की गजराच्या वाटेवर नोंदबिंद काही करायची नाही, थेट बाहेर पडायचं. कोडात तो बंदोबस्त एका अटीच्या रूपात होता: 'इथे नोंद करणं सुरक्षित असेल तरच हा भाग घ्या.' ती अट १४ वर्षं मुकाट्यानं काम करत राहिली. ऑक्टोबर २०२० मध्ये नोंदी लिहिण्याची सगळी व्यवस्था नव्यानं बांधायला घेतली. काम चांगलं होतं. नोंदी जास्त नेमक्या व्हाव्यात म्हणून केलेलं. त्या झाडाझडतीत ती अट गळून गेली. २०२१ च्या मार्चमधल्या ८.५ आवृत्तीपासून जुना दोष पुन्हा जिवंत झाला आणि तीन वर्षं कुणाला कळलं नाही.

१ जुलै २०२४ ला क्वालिसनं हे जाहीर केलं. या कंपनीचं मोठं कार्यालय आपल्या पुण्यातच आहे, त्यामुळे त्या आठवड्यात चहाच्या टपरीवरसुद्धा सिग्नल हँडलरवर, म्हणजे त्या गजराच्या कोडावर, चर्चा ऐकू येत होती. त्यांच्या प्रयोगात ३२ बिटांच्या लिनक्सवर तो नेमका क्षण साधायला सरासरी १०,००० प्रयत्न लागले आणि पूर्ण ताबा मिळवायला ६ ते ८ तास. इंटरनेटवर उघडे असलेले १ कोटी ४० लाख सर्व्हर दोषाच्या कक्षेत असावेत असा त्यांचा अंदाज होता. ओपनबीएसडीवर मात्र काहीच झालं नाही. तिथल्या लोकांनी २००१ मध्येच गजराच्या वाटेवर वापरता येईल अशी नोंद लिहिण्याची वेगळी, सुरक्षित रीत करून ठेवली होती.

एकदा मेलेला बग पुन्हा उठला की आमच्यात त्याला 'रिग्रेशन' म्हणतात, आणि त्यावरचा उपाय पुस्तकात दिलेला असतो: दुरुस्तीबरोबर एक चाचणी लिहा, दर बदलाला ती चालवा. ओपनएसएसएचकडे अशा चाचण्यांचा भरपूर साठा आहे. पण १०,००० वेळा केल्यावर एकदा घडणाऱ्या गोष्टीची चाचणी कशी लिहिणार? ती दर वेळी पास होईल. अशा ठिकाणी कोडाला राखण फक्त माणसाच्या वाचनाची असते, आणि वाचणाऱ्याला ती अट दिसते तेव्हा ती एक जुनाट, कुरूप, काढून टाकावीशी वाटणारी ओळ असते. सुरक्षेच्या कोडातल्या कितीतरी महत्त्वाच्या ओळी अशाच दिसतात. पुनर्रचना करणाऱ्याला माझं सांगणं एवढंच असतं: सुंदर ओळ बिनधास्त बदल, कुरूप ओळीला हात लावण्याआधी तिचा इतिहास काढ.

आता नव्या सोयींकडे येतो. 'फीचर' हा शब्द विक्री विभागाला जितका गोड लागतो तितका आम्हाला लागत नाही, त्याची कारणं आहेत. २०१० मध्ये ओपनएसएसएचच्या क्लायंटमध्ये एक सोय आली: जोडणी तुटली तर ती जिथल्या तिथे पुढे चालू करता यावी. त्यासाठी लागणारी सर्व्हरची बाजू ओपनएसएसएचनं कधीच दिली नाही. म्हणजे सोय कुणालाच वापरता येत नव्हती, पण क्लायंटमध्ये ती चालू होती. २०१६ च्या जानेवारीत कळलं की दुष्ट सर्व्हर याच अर्धवट सोयीतून तुमच्या यंत्राच्या स्मृतीतली खासगी किल्ली वाचू शकतो. दुरुस्ती म्हणून ती सोयच बंद केली. कुणी हूं की चूं केलं नाही.

एक्सझेडचं प्रकरण तुम्ही वर्तमानपत्रात वाचलं असेल. त्याची सुरुवात तर त्याहून क्षुल्लक. लिनक्सवर सर्व्हर सुरू झाला की त्यानं सिस्टमडी या व्यवस्थापकाला 'मी तयार आहे' असं कळवावं, ही सोय काही लिनक्स आवृत्त्यांना हवी होती. मूळ ओपनएसएसएचमध्ये ती नव्हती, म्हणून डेबियनसारख्यांनी आपापला पॅच लावला. हा निरोप म्हणजे एका सॉकेटवर पाठवायचा इवलासा मजकूर. पण तो पाठवायला त्यांनी सिस्टमडीची अख्खी लायब्ररी जोडली, आणि त्या लायब्ररीबरोबर फाइली दाबण्याची एक्सझेडची लायब्ररी आत आली. प्रवेश देणाऱ्या प्रोग्रॅमचा फाइली दाबण्याशी काडीचा संबंध नाही, तरी ती त्याच्या पोटात जाऊन बसली. एक्सझेडची देखभाल एकच थकलेला स्वयंसेवक करत होता. 'जिया टान' या नावानं कुणीतरी दोन-अडीच वर्षं कामसू मदतनीस होऊन त्याचा विश्वास मिळवला आणि २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट घातली.

ती सापडली कशी? पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारा आंद्रेस फ्रॉइंड वेगळीच मोजमापं घेत होता. त्याला दिसलं की आपल्या यंत्रावर फसणारी लॉगिनसुद्धा प्रोसेसर फार खातायत. पूर्वी ०.२९९ सेकंदांत होणारं काम आता ०.८०७ सेकंद घेत होतं. अर्धा सेकंद. आपण त्याला 'नेट स्लो आहे' म्हटलं असतं. तो खोदत गेला आणि २९ मार्च २०२४ ला त्यानं सगळं जाहीर केलं. बहुतेक लिनक्सच्या स्थिर आवृत्त्यांत ते शिरण्याआधी पकडलं गेलं, एवढं नशीब. पुढे ओपनएसएसएचनं ९.८ मध्ये तो इवलासा निरोप पाठवणारा कोड स्वतः लिहिला, कुठल्याही लायब्ररीविना. ही सोय आधी नाकारली होती ती हट्टानं, असं मला वाटे. आता हट्ट बरोबर होता आणि नकाराबरोबर छोटा पर्याय लिहून द्यायला हवा होता, या दोन्ही गोष्टी मी मान्य करतो. लोकांना सोय हवी असते. तुम्ही दिली नाहीत तर ते स्वतः घालतात, आणि मग काय घातलंय ते तुम्हाला दिसत नाही.

सगळीच फीचरं वाईट असतात असं नाही. या सॉफ्टवेअरच्या आयुष्यातलं माझ्या मते सर्वांत मोलाचं फीचर वापरणाऱ्याला दिसतच नाही. २००२ मध्ये नील्स प्रोव्होस यानं सर्व्हरचे दोन भाग केले. अनोळखी माणसाशी बोलणारा भाग कसलेही अधिकार नसलेला, एका रिकाम्या फोल्डरमध्ये कोंडलेला. अधिकार असलेला भाग लहान, आणि पहिल्यानं विचारलेल्या मोजक्या प्रश्नांना उत्तर देण्यापुरता. बोलणाऱ्या भागात बग निघाला तरी हल्लेखोराच्या हाती रिकामं फोल्डर येतं. जून २००२ मध्ये ओपनबीएसडीचे प्रमुख थिओ डे राट यांनी जाहीर केलं की एक गंभीर दोष सापडला आहे, तपशील आत्ता सांगणार नाही, सगळ्यांनी ही विभागणी असलेली आवृत्ती घ्या. लोक भयंकर चिडले. काही प्रणालींवर नव्या आवृत्तीत कॉम्प्रेशन चालेना, त्यानं आगीत तेल. दोन-तीन दिवसांत तपशील आले आणि खरोखरच दोष ओपनबीएसडीच्या मूळ मांडणीतही होता. 'पाच वर्षांत दुरून शिरता येईल असं एकही भोक नाही' ही फुशारकी त्यांना स्वतःच्या संकेतस्थळावर दुरुस्त करून 'एकच भोक' अशी लिहावी लागली. पुढे ते 'दोनच' झालं. मला ही दुरुस्ती फार आवडते. इतक्या उघडपणे आकडा बदलणारी संस्था आपल्या सार्वजनिक जीवनात मी तरी पाहिलेली नाही.

आता पॅच ज्यांच्यावर येऊन आदळतात त्या आमच्यासारख्यांचं थोडं. ८.८ आवृत्तीनं २०२१ मध्ये एसएचए-१ वर आधारलेल्या जुन्या सह्या डिफॉल्टनं बंद केल्या. योग्यच केलं. पण एका कार्यालयात, नाव घेत नाही, दहा-बारा वर्षांचे स्विच होते. त्यांना दुसरी सही येतच नव्हती. सकाळी प्रशासकाचा लॅपटॉप अपडेट झाला आणि एकाही स्विचवर लॉगिन होईना. त्यानं इंटरनेटवर उपाय शोधला, जुनी सही पुन्हा चालू करणारी ओळ मिळाली, आणि ती त्यानं सेटिंगच्या फाइलमध्ये तारांकित विभागात टाकली. म्हणजे स्विचपुरती नाही, जगातल्या प्रत्येक सर्व्हरसाठी. स्विच नंतर भंगारात गेले. ओळ राहिली. मी ती पाहिली तेव्हा तो प्रशासक नोकरी सोडून गेलेला होता आणि ती ओळ काढायची कुणाची हिंमत नव्हती, कारण ती कशासाठी आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

शेवटचं उदाहरण ताजं. ९.८ नं एक नवी सोय दिली: एकाच पत्त्यावरून सारखे चुकीचे पासवर्ड आले तर सर्व्हर त्या पत्त्याला दंड लावतो. प्रत्येक चुकीचे ५ सेकंद जमा होतात, बेरीज १५ सेकंदांच्या पुढे गेली की बंदी, आणि ती वाढत फार तर १० मिनिटांची. पासवर्ड आपटत बसणाऱ्या यंत्रांचा यानं चांगला बंदोबस्त होतो. पण ज्यांनी हे लिहिलं त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा एक पत्ता म्हणजे एक माणूस असावा. आपल्याकडे वसतिगृहातली तीनशे मुलं इंटरनेटवर एकाच पत्त्यानं बाहेर पडतात. परीक्षेच्या प्रॅक्टिकलला चार मुलांनी पासवर्ड चुकवला की बाकीच्यांनाही सर्व्हर बाहेर उभं करतो, आणि फोन मला येतो. यासाठी सूट देण्याची यादी त्याच आवृत्तीत आहे. मी वसतिगृहाचा पत्ता तिच्यात घातला. वरच्या ओळीत कारण लिहिलं, तारीख लिहिली आणि वसतिगृहाच्या कार्यालयाचा फोनही. त्यांनी उद्या इंटरनेट पुरवणारी कंपनी बदलली तर हा पत्ता दुसऱ्याच कुणाच्या तरी हाती जाणार आहे, आणि तेव्हा मी त्या नोकरीत असेनच असं नाही.

तुमचे प्रश्न असतील तर घेतो.